निर्लेखन

पुण्याहून बाई आली ती जानेवारीत,
आर्वीवरून दुपारच्या एसटीनं.
सोबत कॅमेरा, काळं कापड, हातमोज्यांचे दोन जोड.
आमच्या ड वर्गाच्या वाचनालयात
पुस्तकाला हात लावण्याआधी
पहिल्यांदाच कुणी हात झाकले.

कादंबरी जिनातल्या बायांची.
रुई, सरकी, मुकादम, एक मेलेलं लेकरू.
तेव्हाची किंमत बारा आणे.
पहिल्या आवृत्तीची दुसरी प्रत, ती म्हणाली,
कुठेच उरली नाही.
मी म्हटलं, ही उरली कारण कपाटाची किल्ली
सात वर्षं हरवली होती.
ती हसली. मग दोन दिवस
वाकून वाकून एकेक पान टिपत राहिली.

एकसष्टाव्या पानावर थांबली.
समासात शिसपेन्सिल, रेघ सोडून चढलेली अक्षरं:
"असं नाई. भूक आंधी पोटात नाई लागत.
कानात वाजते."
हे कुणी खराब केलं, तिनं विचारलं.

पंचफुला मेश्राम. कार्ड नंबर अडतीस.
गावाबाहेरच्या जिनात वीस वर्षं रेच्यावर,
चाळिशीत रात्रीच्या वर्गाला अक्षर शिकली.
एवढं एकच पुस्तक नेलं तिनं, नऊ वेळा.
परत आणायची तेव्हा पानांतून
रुईचे तंतू निघायचे,
मी फुंकर मारून जमा करायचो.
"लिवनारा चांगला हाय," म्हणायची,
"पन त्याले कोनी सांगतलं नसन."

हे सगळं बाईला सांगितलं.
तिनं लिहून घेतलं. कशात तरी.

दिवाळीच्या तोंडावर पार्सल आलं.
सुती कापडाची पेटी, रेशमी फीत,
पाचशेपैकी क्रमांक दोनशे बारा,
किंमत साडेचार हजार, आम्हाला भेट.
मुळाबरहुकूम, असं पत्रात होतं,
आणि बऱ्याच अंशी खरं होतं:
'मजूर'च्या जागी 'मयूर' जुळलेले खिळे तसेच,
चहाच्या कपाचं वर्तुळ तसंच,
कसरीनं पाडलेलं भोकसुद्धा छापलेलं,
काळं, गोल, इतकं हुबेहूब
की ढोबळ्यांच्या पोरीनं त्यात सुई घालून पाहिली.
गेली नाही.

एकसष्टावं पान लख्ख.
समास धुऊन वाळत घातल्यासारखा.
तिचं अक्षर डाग निघालं,
चहा इतिहासात राहिला.

नागपूरच्या एका वकिलाकडे सत्तावीस नंबरची आहे म्हणे.
त्यानं प्लास्टिक फोडलेलं नाही.
फोडलं की भाव पडतो.

समितीची सभा झाली. चिवडा होता.
ठराव असा: नवी प्रत काचेत ठेवावी,
जुनी जीर्ण व दुबार, सबब
निर्लेखन करून रद्दीत द्यावी.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
निर्लेखन.
बत्तीस वर्षं हा शब्द रजिस्टरात लिहीत आलो,
त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

रात्री बल्ब लावून बसलो.
जुनं पुस्तक उजेडासमोर धरलं.
भोक एकसष्टापासून चौऱ्याहत्तरपर्यंत आरपार,
जाता जाता 'कानात'मधला एक काना खाऊन गेलेलं.
त्यातून उजेडाचा दाणा
माझ्या शर्टावर पडला, बटणाच्या थोडा डावीकडे.
मी हललो तसा तो हलला.

मग देवघेवीचं रजिस्टर काढलं.
कार्ड नंबर अडतीस. नाव. पुस्तकाचा दाखल क्रमांक.
सहीचा रकाना सोडून दिला.

ती जाऊन अकरा वर्षं झाली.
परतीची मुदत पंधरा दिवस,
पुढे रोजचे दहा पैसे.
दंड चढतो आहे.